जुन्या छोट्या ट्रॅक्टरला पुढून हायड्रॉलिक पंप: काय जमते, काय बिघडते

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुना, तीन सिलिंडरचा, साधारण २४ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह छोटा ट्रॅक्टर. शेणखत भरायला, माती सारायला पुढे छोटा लोडर बसवायचा आहे. मागच्या लिफ्टच्या पंपावर लोडर जोडला तर सगळे सावकाश चालते आणि लिफ्ट-लोडर एकाच वेळी चालत नाहीत. मग क्रँक पुलीवरून (इंजिनाच्या पुढच्या टोकावरची मुख्य पुली) पुढे वेगळा पंप चालवता येईल का, किती मोठा घ्यावा, आणि काय सांभाळावे?

चालवता येतो. पंप विकत घेणे हे यातले सगळ्यात सोपे काम. अशी कामे फसतात ती दोनच जागी: क्रँकपासून पंपापर्यंतच्या जोडणीत आणि टाकीपासून पंपापर्यंतच्या सक्शनमध्ये. या दोन्हींवर खर्च आणि वेळ घालवा, बाकी ठिकाणी थोडे इकडेतिकडे झाले तरी चालते.

आधी ट्रॅक्टर तपासा, मग पंप बघा

बॉनेट काढून पुढून वाकून क्रँक पुली बघा. पुली आणि पुढच्या अ‍ॅक्सलचा बीडाचा सपोर्ट यांच्यामधून सरळ रेषेत ३०-४० मिलिमीटरचा दांडा जाईल का? काही ट्रॅक्टरांत त्या सपोर्टला जुन्या हँडलसाठीचे भोक असते, काहींत रेडिएटरची खालची टाकी नेमकी आडवी येते. रेडिएटर १५-२० मिलिमीटर वर उचलून काम भागत असेल तर भागवा, पण फॅन आणि त्याचा काऊल (पंख्याभोवतीचे कडे) एका रेषेत राहिला पाहिजे, नाहीतर उन्हाळ्यात इंजिन तापायला लागेल. बीडाच्या सपोर्टला मोठे भोक पाडायची वेळ येत असेल तर थांबा. लोडरचा सगळा भार त्याच तुकड्यावर येणार आहे.

दुसरी तपासणी क्रँकच्या एंड प्लेची. डायल गेजचा काटा पुलीच्या तोंडावर टेकवा, क्लच दाबा-सोडा, पुली मागे-पुढे किती सरकते ते बघा. साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर हे निरोगी इंजिनात दिसते, नेमकी मर्यादा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असते. ०.५ च्या पुढे गेले असेल तर थ्रस्ट वॉशर (क्रँकचे मागे-पुढे सरकणे अडवणाऱ्या चकत्या) आधी बदला. पुढचे ऑइल सील गळत असेल तर तेही आताच बदला. नंतर त्यासाठी सगळी जोडणी सोडावी लागेल.

तिसरी गोष्ट लोक बघतच नाहीत: इंजिन चासीला घट्ट बोल्टने बसवले आहे की रबर माउंटिंगवर? घट्ट असेल तर ब्रॅकेट पुढच्या सपोर्टवर बसवता येतो. रबरवर असेल तर इंजिन आयडलला हलते आणि पुढची चौकट हलत नाही. मग दोन्हीकडे युनिव्हर्सल जॉइंट असलेला सरकता शाफ्ट हाच पर्याय उरतो. तिथे साधे स्पायडर कपलिंग (दोन दातेरी जबडे आणि मध्ये रबर) लावले तर रबर लवकरच भुकटी होऊन खाली पडते.

पंप किती सीसीचा

सूत्र सोपे आहे. पंपाचे सीसी (एका फेऱ्यात ढकललेले तेल) गुणिले आरपीएम, भागिले १०००, आणि त्यातून गळतीचे सात-आठ टक्के वजा. पुली थेट क्रँकवर असल्याने पंपाचा वेग म्हणजेच इंजिनाचा वेग. ११ सीसीचा पंप २००० आरपीएमला मिनिटाला साधारण २० लिटर देतो, २५०० ला २५ च्या आसपास.

आता लोडरकडून मोजू. समजा दोन लिफ्ट सिलिंडर ५० मिलिमीटर बोअरचे, स्ट्रोक ४०० चा. एकात पाऊण लिटरच्या वर, दोघांत मिळून जवळजवळ १.६ लिटर तेल जाते. मिनिटाला २० लिटर मिळाले तर लोडर पाच सेकंदांत पूर्ण वर. छोट्या ट्रॅक्टरला यापेक्षा जास्त वेग नकोच, भरलेली बकेट झटक्यात वर गेली की मागची चाके हलकी होतात. आणि १५० बारला ५० बोअरचा एक सिलिंडर तीन टनांच्या आसपास ढकलतो, म्हणजे जोरही पुरेसा आहे.

मग १६ सीसीचा का नको? कारण टॉर्क. १५० बारला ११ सीसीचा पंप फिरवायला साधारण २९ न्यूटन-मीटर लागतात, १६ सीसीला ४२ च्या पुढे. २४ एचपीच्या इंजिनाचा टॉर्कच ७० च्या आसपास असतो, तोही आयडलला मिळत नाही. पंप कायम जोडलेला, त्यात बकेट मातीत घुसवून लिव्हर ओढला की इंजिन दबते किंवा बंद पडते. ११ सीसीचा पंपसुद्धा २००० आरपीएमवर पूर्ण दाबाला आठेक एचपी खातो, म्हणजे इंजिनाचा तिसरा हिस्सा. २० ते २८ एचपीसाठी ८ ते १२ सीसी ही रास्त मर्यादा. दुकानदार मोठा पंप त्याच भावात देतो म्हणून घेऊ नका.

फिरण्याची दिशा

इथे पैसे वाया जातात. पुढून बघितले तर बहुतेक ट्रॅक्टरांची इंजिने घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात. पंपाची दिशा मात्र त्याच्या शाफ्टच्या टोकाकडून बघून सांगतात. पुढे बसवलेल्या पंपाचा शाफ्ट मागे, इंजिनाकडे तोंड करून असतो. त्यामुळे तिकडून बघितले की तीच फिरत उलटी दिसते. म्हणजे क्रँकला थेट जोडायचा पंप डाव्या फिरतीचा, घड्याळाच्या उलट दिशेचा हवा. दुकानात सहज मिळतो तो बहुधा उजव्या फिरतीचा. पट्ट्यावर चालवणार असाल आणि पंपाची पुली पुढे तोंड करून असेल तर मात्र उजव्या फिरतीचाच लागेल.

खात्री करायला एकाला स्टॉप नॉब ओढून स्टार्टर मारायला सांगा आणि पुढे उभे राहून पुलीवर खडूची खूण बघा. उलट्या फिरतीचा पंप लावला तर सक्शनची बाजू दाबाखाली येते आणि पहिल्याच मिनिटात शाफ्टचे सील बाहेर येते. पंपाचे मोठे भोक सक्शनचे, लहान भोक दाबाचे, हेही लक्षात ठेवा.

पंपाच्या तोंडाचे दोन प्रकार बाजारात दिसतात. एक ३६.५ मिलिमीटरचा स्पिगॉट (सेंटरला बसायचा गोल उंचवटा), चार बोल्ट आणि १:८ टेपरचा शाफ्ट. दुसरा दोन बोल्टचा एसएई-ए, ८२.५५ चा स्पिगॉट आणि नऊ दात्यांचा स्प्लाइन (लांबीने दाते कापलेला शाफ्ट). क्रँक जोडणीला दुसरा बरा. स्प्लाइन आपण होऊन थोडी सरकते, शाफ्टला मागे-पुढे दाब देत नाही.

क्रँक ते पंप: कामाचा गाभा

पुलीच्या तोंडावर लेथवर बनवलेली एक चकती बसवायची. पुलीचे तोंड आठ-दहा मिलिमीटर जाड असेल तर एम-८ चे चार आटे मारून चकती धरता येते. ताकदीच्या दृष्टीने चार बोल्ट भरपूर आहेत, प्रश्न ते सैल होण्याचा आहे. म्हणून आटे पक्के धरणारे लॉकटाइटसारखे द्रव आणि ८.८ दर्जाचे बोल्ट. चकती सेंटरला बसायला बोल्टवर विसंबू नका. पुलीच्या मधल्या खाचेत घट्ट बसेल असा उंचवटा चकतीला ठेवायला टर्नरला सांगा. आणि चकतीच्या मध्यातून क्रँक नटचा सॉकेट आत जाईल एवढे भोक ठेवा, हे विसरले जाते. नट पुन्हा आवळायचा झाला तर सगळे खोलावे लागते आणि मग कोणी आवळतच नाही.

हा नट या कामात सगळ्यात महत्त्वाचा. पुली क्रँकवर अर्धचंद्र चावीने बसलेली असते, पण फिरवण्याचा जोर चावीने नव्हे तर नटाच्या आवळण्याने जायला हवा. पूर्वी ती पुली फक्त पंखा आणि डायनॅमो चालवत होती, आता तिच्यावर आठ एचपीचे झटके येणार. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला टॉर्क रेंचनेच आवळा. सैल राहिला तर चावी हातोड्यासारखी खाचेत आपटते, क्रँकची खाच रुंदावते आणि मग पंपाच्या भानगडीत क्रँक बदलायची वेळ येते.

पुली दोन भागांची, मध्ये रबराचे वेटोळे असलेली असेल तर बाहेरच्या कड्याला कधीही जोडू नका. तो भाग कंपन शोषण्यासाठी असतो, आतल्या हबलाच पकडायचे.

चकती बसवल्यावर तिच्या कडेला आणि तोंडाला डायल लावा, पुली हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. काटा ०.१५ मिलिमीटरच्या आत हलला पाहिजे. जास्त असेल तर चकती काढून, साफ करून, अर्धा फेरा फिरवून परत बसवा. पुलीच्या तोंडावर गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी काटा नाचतो.

आता शाफ्ट. पंप पुलीच्या अगदी जवळ बसत असेल आणि ब्रॅकेट इंजिनालाच पक्का असेल तर स्पायडरचे कपलिंग पुरते. दोन जबड्यांमध्ये २-३ मिलिमीटर फट ठेवा, म्हणजे क्रँकचा एंड प्ले मोकळा राहतो. पण बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांत पंप रेडिएटर आणि अ‍ॅक्सल सपोर्टच्या पुढे येतो, म्हणजे ३०० ते ५०० मिलिमीटरचे अंतर. तिथे एका टोकाला स्पायडर आणि दुसरे टोक पक्के, असा जुगाड सर्रास दिसतो. तो टिकत नाही. एक लवचीक सांधा फक्त कोनातला फरक सांभाळतो, रेषा वर-खाली असेल तर दोन सांधे लागतात. म्हणून दोन युनिव्हर्सल जॉइंट आणि मध्ये सरकती स्प्लाइन. दोन्ही टोकांचे योक (जॉइंट धरणारे दुबोटी तुकडे) एकाच पातळीत हवेत. एक जरी दाता चुकवून बसवले तरी प्रत्येक फेऱ्यात पंपाचा वेग दोनदा कमी-जास्त होतो आणि गुरगुर सुरू होते. दोन्ही जॉइंटचा कोन सारखा, एक ते तीन अंशांत. अगदी शून्य अंशही नको. जॉइंटच्या बेअरिंगमधल्या सुया जागेवरच आपटत राहतात आणि क्रॉसवर खड्डे पडतात.

स्प्लाइन किमान ३० मिलिमीटर आत असावी आणि पूर्ण मिटवल्यावरही ८-१० मिलिमीटर शिल्लक राहावी. ही शिल्लक नसेल किंवा स्प्लाइन कोरडी पडून अडकली, तर शाफ्ट क्रँकला मागे रेटत राहतो आणि थ्रस्ट वॉशर खातो. दर ५० तासांनी ग्रीस, यात सूट नाही. तसेच पंपाच्या शाफ्टवर कपलिंग हातोड्याने ठोकून बसवायचे नाही. तो मार पंपाच्या आतल्या प्लेटवर जातो. बसत नसेल तर टर्नरकडून पॉलिश करून घ्या. स्प्लाइनवर मॉलिब्डेनमचे ग्रीस लावा, नाहीतर आयडलच्या थरथरीने तांबूस गंज धरून दाते झिजतात.

शाफ्ट असा करा की फॅनचा पट्टा बदलताना चार बोल्ट सोडले की तो निघेल. शेतात पट्टा तुटल्यावर याची किंमत कळते.

पुढून सरळ वाट नसेलच तर पट्ट्याचा पर्याय उरतो. पण गियर पंपाच्या शाफ्टला बाजूचा ओढ सहन होत नाही, म्हणून पुली वेगळ्या बेअरिंग हाऊसिंगवर आणि पंप त्याला कपलिंगने. एका ए-सेक्शन पट्ट्यावर आठ एचपी जात नाहीत, तो घसरून जळतो. दोन बी-सेक्शन लावा. त्यापेक्षा मागे पीटीओवर (अवजारे चालवणारा फिरता दांडा) पंप बसवणे कमी कटकटीचे, अर्थात पीटीओ दुसऱ्या कामाला मोकळा राहत नाही.

ब्रॅकेट

१० ते १२ मिलिमीटरची प्लेट, दोन्ही बाजूंना आधाराच्या पट्ट्या, आणि पुढच्या वजनांसाठीच्या भोकांत बोल्ट. ब्रॅकेट आधी बनवून पंप त्यात कोंबायचा नाही. आधी शाफ्ट लावून पंप हव्या त्या रेषेत लाकडी ठोकळ्यांवर टेकवा, डायलने बघा, मग प्लेटचे तुकडे त्याच्याभोवती टॅक करा. टॅक झाल्यावर पंप आणि शाफ्ट काढा आणि पूर्ण वेल्डिंग टेबलावर करा. गाडीवर टॅक करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, डायनॅमोच्या किंवा अल्टरनेटरच्या वायरी सोडा आणि वेल्डिंगची अर्थ थेट ब्रॅकेटलाच लावा. अर्थ मागे चासीला दिली तर करंट क्रँकच्या बेअरिंगमधून वाट काढतो. बीडाच्या सपोर्टला वेल्डिंग अजिबात करायचे नाही, तडा आज दिसत नाही, लोडर भरल्यावर दिसतो.

अ‍ॅक्सल दोन्ही बाजूंना पूर्ण झुकवून बघा. एक चाक जॅकवर उचला, मग दुसरे. स्टिअरिंगही शेवटपर्यंत वळवून शाफ्ट, होज, ब्रॅकेट कुठे घासतात का ते बघा. पंप आता ट्रॅक्टरचे सगळ्यात पुढचे टोक झाला आहे, त्यापुढे जाड पाइपची गार्ड हवीच, पण ती रेडिएटरची हवा अडवणारी नको.

टाकी आणि सक्शन

गिअरबॉक्सचे तेल या पंपाला देऊ नका. लोडरचे चारही सिलिंडर (दोन लिफ्टचे, दोन बकेटचे) बाहेर आले की दांड्यांच्या जागेपोटी लिटरभर तेल सिस्टिममध्ये जास्तीचे जाते. छोट्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सला ते जाणवते. शिवाय गिअरचा चुरा पंपात आणि बाहेरची धूळ गिअरमध्ये जाते. २५ ते ३० लिटरची वेगळी टाकी करा. काही जण लोडरच्या उभ्या चौकोनी खांबाचाच टाकी म्हणून वापर करतात. चालते, पण आतले वेल्डिंगचे मणी साफ निघत नाहीत. वेगळी टाकी बरी. आतून रंग देऊ नका, तेलात पापुद्रे सुटतात.

टाकीचा तळ पंपाच्या वर हवा, म्हणजे तेल स्वतःच्या वजनाने पंपात उतरते. सक्शनला एक इंची होज. मिनिटाला २० लिटरच्या प्रवाहाला त्यात वेग सेकंदाला ०.७ मीटरच्या आत राहतो. पाऊण इंचीत तो १.२ च्या जवळ जातो, थंडीत घट्ट तेलाला ते जड पडते. होज आत तार असलेली सक्शनचीच घ्या. साधी रबरी नळी तेल गरम झाल्यावर आतून चपटी होते आणि बाहेरून काहीच कळत नाही. दोन्ही टोकांना दोन-दोन क्लिपा. सक्शनची फट फसवी असते: तेल बाहेर टिपकत नाही, हवा आत ओढली जाते. तेल पांढरट, फेसाळलेले दिसले आणि पंप खडे चघळल्यासारखा आवाज करू लागला तर आधी या क्लिपा बघा, पंपाला दोष नंतर द्या.

टाकीत सक्शनला १२५ ते १५० मायक्रॉनची जाळी पुरे. बारीक फिल्टर रिटर्नला, २५ मायक्रॉनचा. रिटर्नचे तोंड तेलाच्या पातळीखाली आणि सक्शनपासून लांब, मध्ये एक आडवी पट्टी. सक्शनला बॉल व्हॉल्व्ह लावायचा मोह होतो, म्हणजे होज काढताना तेल सांडत नाही. लावलात तर उघडा करून हँडल काढून ठेवा. बंद व्हॉल्व्हवर इंजिन सुरू झाले तर पंप कोरडा फिरून मिनिटाभरात संपतो.

तेल हायड्रॉलिक ४६ नंबरचे. मार्च ते जूनमध्ये दिवसभर लोडर चालवणार असाल तर ६८.

दाबाच्या लायनीला तीन सुती (३/८ इंच) किंवा अर्धा इंची, दोन तारांच्या विणीची आर-२ होज. रिटर्नला पाऊण इंची. फिटिंगला डाऊटी वॉशर (आत रबर असलेले धातूचे वॉशर) असतील तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. टेपचा तुकडा रिलीफ व्हॉल्व्हमध्ये (जादा दाब टाकीत सोडणारा व्हॉल्व्ह) अडकला की दाब येत नाही आणि माणूस पंप बदलत बसतो.

व्हॉल्व्ह, रिलीफ आणि पहिली सुरुवात

कंट्रोल व्हॉल्व्ह ओपन सेंटरचाच घ्या, म्हणजे लिव्हर मध्ये असताना तेल मोकळे टाकीत परत जाते. क्लोज्ड सेंटरचा लावला तर पंप सतत रिलीफवर चालेल. ते किती महागात पडते ते बघा: मिनिटाला २० लिटर १५० बारवर रिलीफमधून गेले की पाच किलोवॅट उष्णता तेलात उतरते, आणि टाकीत २० लिटर तेल असेल तर ते मिनिटाला नऊ अंशांनी तापते. लिव्हर सिलिंडरच्या टोकाला दाबून धरायची सवय ड्रायव्हरला लागू देऊ नका.

सुरू करण्याआधी पंपाच्या तोंडात तेल ओता, टाकी भरा, रिलीफचा स्क्रू बराच सैल करा. स्टॉप ओढून स्टार्टर सात-आठ सेकंद मारा, मग इंजिन आयडलला दोन-तीन मिनिटे. सिलिंडर भाराविना आठ-दहा वेळा वर-खाली करा, सगळे मिटवून टाकीची पातळी भरा. मग पंप आणि व्हॉल्व्हच्या मध्ये २५० बारचे गेज लावा. १५०० आरपीएमला सिलिंडर टोकाला नेऊन रिलीफ पाव-पाव फेऱ्याने आवळा, १४० ते १५० बारला थांबा, चेकनट लावा. प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. गेजशिवाय, बकेट उचलतो का ते बघत आवळत गेलात तर दाब २०० च्या पलीकडे कधी गेला ते कळत नाही. पंप सहन करेलही, पुढच्या सपोर्टचे बोल्ट करणार नाहीत.

तासभर चालवून चकतीचे, ब्रॅकेटचे बोल्ट आणि क्रँक नट पुन्हा बघा. ५० तासांनी रिटर्न फिल्टर बदला, पहिला चुरा तिथेच अडकलेला असतो.

पुढे काही बिघडले तर खुणा बोलतात. कपलिंगखाली काळी किंवा लाल भुकटी म्हणजे रेषा चुकली. क्रँकचे पुढचे सील गळू लागले तर चकतीचा रनआउट (फिरताना डायलचा काटा हलतो तो फरक) मोजा. शाफ्टचे सील पुन्हा पुन्हा जात असेल तर बाजूचा ओढ आहे किंवा सक्शन अडले आहे. थंड असताना लोडर जोरात आणि तापल्यावर मरगळतो, तर तेल पातळ आहे किंवा पंप झिजला आहे. सुरुवातीपासूनच जोर नसेल तर रिलीफमध्ये कचरा. लोडर उचललेला ठेवून हळूहळू खाली येत असेल तर पंपाकडे बघूच नका, तो सिलिंडरच्या सीलचा किंवा कंट्रोल व्हॉल्व्हच्या आत सरकणाऱ्या स्पूलचा मामला आहे.